सोळा आण्यांचा हिशेब : डॉ. पां. वा. सुखात्मे

सुगी जवळ आली की आमच्या गावात एक शब्द घरोघरी ऐकू येतो, तो म्हणजे आणेवारी. १९५७ मध्ये रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले आणि सरकारी कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली. पण जुनी माणसे अजून आणेवारीच म्हणतात. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मे, चार आणे म्हणजे पीक गेलेच. गावचे पीक किती आणे आले यावर शेतसाऱ्याची सूट, दुष्काळाची कामे आणि शेतकऱ्याची पत अवलंबून असे. मात्र ते आणे ठरवायचे कोणी आणि कसे, या प्रश्नाला कित्येक वर्षे एकच उत्तर होते : साहेबाच्या नजरेने.

साहेबाच्या नजरेच्या जागी शेतातली मोजणी आणून बसविण्याच्या कामात ज्यांचा वाटा फार मोठा आहे ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आपल्याच महाराष्ट्राचे. जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्या महाविद्यालयात मात्र त्यांची ओळख फारशी नाही. कलाशाखेचा विद्यार्थी आकड्यांपासून दूर पळतो, हे त्याचे एक कारण असावे. मीही पळत होतो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या पळण्याचे थोडेसे प्रायश्चित्त समजावे.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. बुध खटाव तालुक्यात येते. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस या भागात पोचेपर्यंत रिता झालेला असतो. खटाव-माणच्या माणसाला पिकाची शाश्वती नसते. पुढे ज्यांनी आपले आयुष्य पीक आणि भूक मोजण्यात घालविले, ते अशा मुलखात जन्मले ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन ते १९३२ मध्ये पदवीधर झाले आणि १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो सुवर्णकाळ होता. रोनाल्ड फिशर, ईगन पिअर्सन आणि यर्झी नेमन ही तीन मोठी माणसे त्या काळात एकाच ठिकाणी होती. फिशर यांनी रॉथॅमस्टेड येथील शेतावरच्या प्रयोगांतून दाखवून दिले होते की, कोणत्या तुकड्यावर कोणता प्रयोग करायचा हे माणसाने आपल्या मर्जीने ठरवू नये, चिठ्ठ्या टाकून ठरवावे. नेमन यांनी १९३४ मध्ये एक गाजलेला निबंध वाचला. मोठ्या समूहातून नमुना निवडताना जाणत्या माणसाने विचारपूर्वक केलेल्या निवडीपेक्षा समूहाचे गट पाडून प्रत्येक गटातून चिठ्ठीने केलेली निवड अधिक विश्वासार्ह असते, असे त्यांनी त्यात गणिताने मांडले. तरुण सुखात्मे यांनी याच विषयावर संशोधन केले. १९३६ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची पीएच्. डी. आणि १९३९ मध्ये डी. एस्सी. मिळाली.

स्वदेशी परतल्यानंतरचा एक प्रसंग त्यांच्याविषयी नेहमी सांगितला जातो. नोकरीच्या निमित्ताने ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात पंडित मदनमोहन मालवीय यांना भेटले. मालवीयजींनी त्यांच्या अभ्यासाची चौकशी केली आणि या विद्येचा आपल्या देशातील गरिबाला काय उपयोग, असे विचारले. सुखात्मे यांना त्या वेळी त्यांचे समाधान होईल असे उत्तर देता आले नाही. लंडनची पदवी आणि तिथल्या थोर गुरूंची नावे त्या प्रश्नापुढे कामाला आली नाहीत. हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. त्यांचे पुढचे काम पाहिले तर ते याच प्रश्नाचे उत्तर शोधत राहिले असे मला वाटते.

काही काळ कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेत अध्यापन केल्यावर १९४० मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. त्या वेळी देशाच्या पिकाचा आकडा कसा तयार होई, हे येथे सांगणे आवश्यक आहे. पिकाखालील क्षेत्र, एकरी सर्वसाधारण उत्पन्न आणि त्या वर्षीची आणेवारी या तीन गोष्टींचा गुणाकार करीत. जेथे तलाठी किंवा पटवारी होता तेथे क्षेत्राची नोंद बऱ्यापैकी भरवशाची असे. सर्वसाधारण उत्पन्न म्हणजे काय, यावर मात्र एकमत नव्हते. कुठे सर्वसाधारण पीक सोळा आणे धरीत, तर कुठे बारा. आणेवारी तर घोड्यावरून वा बैलगाडीतून शिवार पाहून ठरे. तीन आकड्यांपैकी दोन असे डळमळीत असले तर त्यांचा गुणाकार पक्का कसा असणार?

ही केवळ कारकुनी चूक नव्हती. १९१८ चा खेडा सत्याग्रह आपण इतिहासात शिकतो. तेव्हा खेडा जिल्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा, असा नियम होता. पीक चार आण्यांहून कमी आहे असे शेतकरी म्हणत होते आणि जास्त आहे असे अधिकारी म्हणत होते. महात्मा गांधी आणि वल्लभभाई पटेल यांनी लढविलेला तो लढा एका आकड्यावरून पेटला होता. दोन्ही बाजूंनी आपापला अंदाज मांडला. पण दोघांनीही मान्य करावी अशी मोजणीची रीत कोणापाशीच नव्हती.

पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि १९४३ मध्ये बंगालचा भीषण दुष्काळ आला. त्यात सुमारे तीस लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. त्या दुष्काळाची कारणे अनेक होती. भाव भडकणे, साठेबाजी आणि गरिबाच्या हाती पैसा नसणे ही त्यांतली मोठी. तरीही प्रांतात तांदूळ मुळात किती आहे, हेदेखील कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. रेशनिंग सुरू करायचे, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात धान्य हलवायचे, तर हाती आकडा हवा. सुखात्मे यांचे काम या पार्श्वभूमीवर सुरू झाले.

शेतातल्या छोट्या तुकड्यावरचे पीक कापून त्यावरून उत्पन्न काढण्याची कल्पना त्यांच्या आधीही होती. जॉन हबॅक या सनदी अधिकाऱ्याने १९२३ ते १९२५ या काळात बिहार-ओरिसात भातावर असे प्रयोग केले होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या नमुना-पाहण्या सुरू केल्या होत्या. सुखात्मे यांच्यापुढचा प्रश्न असा होता की, ही रीत दरवर्षी, साऱ्या देशात, प्रत्येक मुख्य पिकासाठी चालवता येईल काय? एखाद्या निबंधापुरती ती सिद्ध होऊन भागणार नव्हते.

म्हणून त्यांनी आधी चाचणी घेण्याचे ठरविले. १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मध्यप्रांत-वऱ्हाडात कापसावर आणि संयुक्त प्रांत व पंजाबात गव्हावर मोठ्या पाहण्या झाल्या. कापसाच्या कामात डॉ. विनायक गोविंद पानसे यांचा पुढाकार होता. पुढे सुखात्मे आणि पानसे यांनी मिळून लिहिलेले शेतीसंशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे इंग्रजी पाठ्यपुस्तक कृषी महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या अभ्यासले गेले.

पद्धत ऐकायला साधी आहे. जिल्ह्याचे तालुकावार गट पाडायचे. प्रत्येक गटातून काही गावे चिठ्ठीने, म्हणजे यदृच्छ संख्यांच्या कोष्टकावरून, निवडायची. त्या गावातून तसेच दोन-तीन सर्व्हे नंबर निवडायचे. शेतात गेल्यावर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात उभे राहायचे आणि कोष्टकात आलेल्या संख्येइतकी पावले लांबीकडे व तितकीच नेमून दिलेली पावले रुंदीकडे चालायचे. जेथे पाय थांबेल तेथे खुंटी मारायची. त्या खुंटीपासून ठरलेल्या मापाचा चौकोन दोरीने आखायचा, त्यातले पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे, थोडा नमुना वाळवून ओलाव्याची तूट काढायची. खुंटी कोठे मारायची हे शेतकऱ्याने ठरवायचे नाही आणि अधिकाऱ्यानेही ठरवायचे नाही. सगळी भिस्त या एका नियमावर आहे.

पण चौकोन केवढा असावा? या प्रश्नाने मोठा वाद निर्माण केला. महालनोबिस यांच्या पाहणीत लहान वर्तुळाकार तुकडे कापले जात. लहान तुकडा लवकर कापून होतो, खर्च कमी लागतो, अधिक ठिकाणी जाता येते. सुखात्मे यांनी संयुक्त प्रांतातील मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांत वेगवेगळ्या आकारांचे तुकडे एकमेकांशी ताडून पाहिले. तुकडा जितका लहान तितके एकरी उत्पन्न जास्त दिसते, असे त्यांना आढळले. १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे प्रसिद्ध केले.

असे का व्हावे, हे मी वहीवर आकडेमोड करून पाहिले तेव्हा समजले. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट आणि परीघही सुमारे साडेबारा फूट. म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट कड. याउलट ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद चौकोन घेतला, जो बरोबर एकराचा ऐंशीवा भाग होतो, तर त्याचे क्षेत्रफळ ५४४.५ चौरस फूट आणि कड फक्त ९९ फूट. दर चौरस फुटामागे कड अडीच इंचांहूनही कमी. आता कापणाऱ्याचा हात कडेवर येतो तेव्हा दोरीवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडतो. भरलेले कणीस दिसले की हात ते आत ओढतो. यात लबाडी नसते. माणसाचा स्वभावच असा आहे. मोठ्या चौकोनात ही चार ताटे जिरून जातात, पण लहान वर्तुळात तीच साऱ्या जिल्ह्याचे पीक फुगवतात. शिवाय ही चूक नेहमी एकाच बाजूला झुकते. त्यामुळे हजार वर्तुळे कापली तरी ती भरून निघत नाही.

महालनोबिस यांच्या बाजूचेही म्हणणे ध्यानात घेतले पाहिजे. कसलेली माणसे आणि नीट उपकरणे असतील तर ही चूक आटोक्यात ठेवता येते, असे त्यांचे मत होते. त्यांनी पाहणीसाठी स्वतंत्र, शिकविलेले कर्मचारी ठेवले होते. त्यालाही कारण होते. कायमधाऱ्याच्या बंगालमध्ये गावोगाव नोंदी ठेवणारा पटवारी नव्हता. जेथे महसुली नोकर असतो तेथेही तो सरकारी दबावाखाली आकडा वाकवील, ही भीती काही खोटी नव्हती. सुखात्मे यांचे उत्तर व्यवहारी होते. लाखो गावांच्या देशात दर हंगामाला चालणारे काम गावात आधीच असलेल्या पटवाऱ्यावर आणि महसूल व शेतीखात्याच्या माणसांवर सोपवले तरच ते टिकेल. त्यांना शिकवा, त्यांच्यावर देखरेख ठेवा आणि मुख्य म्हणजे तुकडा निवडण्याचा अधिकार त्यांच्या हातून काढून घ्या. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात बहुतेक राज्यांनी मुख्य अन्नधान्यांसाठी हीच रीत स्वीकारली. आपण तिला पीक कापणी प्रयोग म्हणतो. दिल्लीतील त्यांच्या लहानशा विभागाची पुढे कृषी संख्याशास्त्राची राष्ट्रीय संस्था झाली. १९४७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेचे पहिले अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते.

१९५० च्या दशकाच्या आरंभी सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. तेथे सुमारे दोन दशके संख्याशास्त्राचे काम त्यांनी पाहिले. पिकाच्या मोजणीतून ते माणसाच्या भुकेच्या मोजणीकडे वळले. जगातील दोनतृतीयांश लोक उपाशी आहेत, असे त्या काळी सर्रास म्हटले जाई. १९६१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्यांनी दाखविले की, पोटाला पुरेसे न मिळणारे लोक दहा ते पंधरा टक्के असावेत. सकस आहार न मिळणाऱ्यांची संख्या मात्र याहून पुष्कळ मोठी आहे. भूक कमी दाखविल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. १९६३ मध्ये त्याच सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक दिले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब देऊन गौरविले.

निवृत्तीनंतर ते पुण्यास परतले. येथे त्यांच्या आयुष्यातला दुसरा मोठा वाद झडला. अर्थशास्त्राच्या तासाला दारिद्र्यरेषा शिकताना आपण प्रा. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा १९७१ चा अभ्यास वाचतो. त्यात रोज दरडोई २२५० उष्मांक ही मर्यादा धरली आहे. सुखात्मे म्हणत की ही सरासरी गरज आहे. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते आणि ठराविक मर्यादेत शरीर स्वतःला सावरून घेते. म्हणून सरासरीच्या खालच्या प्रत्येकाला उपाशी म्हणणे शास्त्राला धरून नाही. पोटात गेलेले अन्न अंगी लागण्यासाठी शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांकडे आधी पाहा, असा त्यांचा आग्रह होता. दांडेकर आणि आहारशास्त्रज्ञ डॉ. गोपालन यांनी या विचारावर कडक टीका केली. अशा सिद्धांताने गरिबाच्या अर्धपोटी राहण्याला शास्त्राचा आधार मिळेल, असे टीकाकारांना वाटे. मला स्वतःला ही टीका सहज झटकून टाकण्यासारखी वाटत नाही. रोजगारावर राबणारी बाई कमी खाऊन उभी राहते म्हणजे तिला तेवढे पुरते, असे कोण म्हणेल? सुखात्मे यांचा हेतू गरिबाविरुद्ध नव्हता, हे मात्र त्यांचे एकंदर आयुष्य पाहता स्पष्ट दिसते. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले.

गमतीची गोष्ट ही की, पुण्यातले हे दोन प्रतिपक्षी आज आमच्या शेताच्या बांधावर एकत्र आले आहेत. भारतातील पीक विम्याची क्षेत्रनिहाय पद्धत दांडेकरांनी १९७६ मध्ये मांडली. एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजत बसण्याऐवजी त्या भागाचे सरासरी उत्पन्न ठराविक उंबरठ्याखाली गेले तर सर्वांना भरपाई द्यावी, अशी ती कल्पना. आता हे सरासरी उत्पन्न काढायचे कशावरून? पीक कापणी प्रयोगावरून. २०१६ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेतही भरपाई ठरविताना या प्रयोगांना मोठे स्थान आहे.

दोन वर्षांपूर्वी असा एक प्रयोग माझ्या चुलत्यांच्या गटात निघाला. पीक बाजरीचे. रानाचा अर्धा भाग मुरमाड, अर्धा काळा. खुंटी नेमकी काळ्या भागात आली. जमलेल्या मंडळींनी कर्मचाऱ्याला खूप विनवले की, दादा, दोरी वीस पावले तिकडे सरकवा, सगळ्या गावाचे भले होईल. तो कबूल झाला नाही. पावसाने ओढ दिलेली होती, तरी त्या वर्षी मंडळाचे उत्पन्न उंबरठ्याच्या वर निघाले आणि भरपाई आली नाही. चुलत्यांनी त्या माणसाला चहासुद्धा विचारला नाही. मीही त्यांच्याच बाजूने रागावलो होतो.

सुखात्मे यांच्याविषयी वाचल्यावर राग गेला असे मी म्हणणार नाही. पण त्याची दिशा बदलली. त्यांनी ही रीत जिल्ह्याची सरासरी काढण्यासाठी घडविली होती. तेथे अनेक गावांतले अनेक चौकोन मिळून एकमेकांची भर-तूट सांभाळून घेतात. आज तीच रीत छोट्या मंडळापर्यंत खाली आणली आहे. तेथे मोजकेच चौकोन कापले जातात, म्हणून एखादी खुंटी काळ्या रानात पडली की साऱ्या मंडळाचा आकडा हलतो. उपाय दोरी सरकविण्यात नाही, चौकोन वाढविण्यात आहे, आणि त्यासाठी माणसे व पैसा लागेल. ही मागणी करता येण्यासारखी आहे. दोरी एकदा गावच्या भल्यासाठी सरकली, तर पुढच्या वर्षी दुसरे कोणी तिला आपल्या भल्यासाठी सरकवील, आणि मग आपण पुन्हा १९१८ च्या खेड्यात जाऊन उभे राहू.

मालवीयजींच्या प्रश्नाचे उत्तर मी चुलत्यांना असेच देऊन पाहिले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की, एका मंडळात चौकोन किती असावेत हे तुमच्या त्या सुखात्म्यांच्या पुस्तकात दिले आहे काय. किती अचूकपणा हवा त्यावर ते ठरते आणि त्याचे गणित आहे, असे मी सांगितले. ते गणित शिकून ये, असे ते म्हणाले. कलाशाखेच्या मुलाला हे कितपत जमेल ठाऊक नाही. पण ग्रंथालयातून पुस्तक आणले आहे.